पडद्याची पत्रिका

इंदूरच्या रामबागेतल्या त्या घरात संगणक आला तो १९९९ च्या एप्रिल महिन्यात. घरातले कर्ते गृहस्थ शाळेत गणित शिकवायचे, त्यामुळे गल्लीतले लहानथोर सगळेच त्यांना ‘सर’ म्हणत. मुलगी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होती. सरांनी शिक्षकांच्या पतपेढीतून कर्ज काढलं, छत्तीस हप्ते बांधून घेतले आणि ओळखीच्या दुकानदाराकडून सुटे भाग जोडून तयार केलेला संगणक घरी आणला. चौदा इंची रंगीत मॉनिटर! मुलीच्या आईनं यंत्राला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि दुसऱ्याच दिवशी मॉनिटरला झालरीचं कव्हर शिवून टाकलं. शेजारच्या मुलांना लांबून बघायची परवानगी होती, हात लावायची नव्हती.

यंत्र आलं विंडोज घालून. पण मुलीला हवं होतं लिनक्स. कारण साधं होतं. कॉलेजातल्या युनिक्सच्या यंत्रांवर नंबर लागेपर्यंत संध्याकाळ व्हायची, आणि संध्याकाळ झाली की मुलींनी घरी जायचं. मुलगे रात्री आठपर्यंत बसून काम संपवत. तेच काम घरी करता आलं तर? मैत्रिणीकडून एक सीडी मिळाली. मे महिन्यातल्या एका दुपारी, सर पेपर तपासायला शाळेत गेलेले असताना तिनं ती घातली. अर्धा-पाऊण तास सगळं सुरळीत चाललं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं सरकत होती. मग चित्रांचा, खिडक्यांचा, माउसचा भाग बसवायची वेळ आली आणि यंत्रानं एक प्रश्न विचारला. तुमच्या मॉनिटरची आडवी गती किती?

खाली दहा पर्याय होते. पहिला सगळ्यात साधा, ३१.५ किलोहर्ट्झचा. पुढे पुढे आकडे वाढत जाणारे. सहावा ३१.५ ते ४८.५, आठवा ३१.५ ते ६४.३, दहावा थेट ८२ पर्यंत. वर इशारा होता की मॉनिटरला झेपेल त्यापेक्षा जास्त आकडा मुळीच निवडू नका, शंका असेल तर कमीच निवडा.

आता हा आकडा कुणाला ठाऊक असणार? मॉनिटरबरोबर माहितीपुस्तक आलंच नव्हतं. मुलीनं दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, “काहीही टाका हो, सगळं चालतं.”

तिनं आठवा पर्याय निवडला. का? तर त्याच्यापुढे लिहिलेलं चित्र सगळ्यात मोठं आणि बारीक दिसणारं होतं, आणि नवव्या-दहाव्याचं धाडस झालं नाही म्हणून. विसाव्या वर्षी माणूस याहून मोठे निर्णय याहून कमी विचार करून घेतो.

पडदा क्षणभर काळा झाला. मग तिरक्या रेघांचा गुंता उमटला आणि मॉनिटरमधून एक बारीक, कानात घुसणारी शिट्टी यायला लागली. काय करावं हे सुचेपर्यंत चार-पाच सेकंद गेले असतील. आतून ‘टक्’ असा आवाज आला, शिट्टी थांबली आणि जळल्याचा वास खोलीभर पसरला. आई स्वयंपाकघरातून धावत आली. तोवर मुलीनं प्लग उपसला होता.

ती शिट्टी कशाची होती, हे समजण्यासाठी त्या वेळचा मॉनिटर काम कसं करायचा ते पाहायला हवं. आजचे सपाट पडदे निराळे. तेव्हाच्या काचेच्या नळीत मागच्या बाजूनं इलेक्ट्रॉनचा झोत सुटायचा आणि पडद्यावर रेघा ओढायचा. वहीत आपण लिहितो तसं, डावीकडून उजवीकडे एक ओळ, मग हात झटकन परत डावीकडे, खाली दुसरी ओळ. साध्यात साध्या चित्राला अशा ५२५ ओळी लागत. त्यातल्या ४८० दिसणाऱ्या, बाकीच्या झोत परत वर नेण्यात जाणाऱ्या. आणि पान सेकंदाला साठ वेळा लिहायचं. ५२५ गुणिले ६० म्हणजे ३१,५००. सेकंदाला साडेएकतीस हजार ओळी, हेच ते ३१.५ किलोहर्ट्झ. चित्र मोठं हवं, १०२४ बाय ७६८ चं, तर ओळी होतात ८०६ आणि गती जाते ४८ हजारांवर. त्याहून मोठं, १२८० बाय १०२४ चं हवं तर ओळी १०६६ आणि गती जवळजवळ ६४ हजार.

हा झोत इकडून तिकडे ओढण्याचं काम एका ट्रान्झिस्टरच्या जिवावर चालायचं, आणि नळीला लागणारा हजारो व्होल्टचा दाबही त्याच भागातून तयार व्हायचा. संगणकाकडून येणाऱ्या इशाऱ्याबरोबर हा भाग धावत असे. इशारा आवाक्याबाहेरचा आला की चांगल्या मॉनिटरमधलं संरक्षण जागं व्हायचं आणि पडद्यावर तसा संदेश यायचा. स्वस्तातल्या सगळ्याच मॉनिटरांत ती सोय नव्हती. ते बिचारे धावायला बघत.

मुकाट्यानं सांगितलेलं काम करत सुटणं हा पडद्यांचा जुनाच स्वभाव. १९७७ साली बाजारात आलेल्या ‘कमोडोर पेट’ या संगणकासाठी हौशी मंडळींनी एका ओळीची आज्ञा शोधून काढली होती. तिनं पडद्यावर अक्षरं भराभर उमटत. पुढे कंपनीनं आतली रचना बदलली. तीच आज्ञा नव्या यंत्राला दिली की पडद्यालाच इजा व्हायची भीती! त्या आज्ञेला इंग्रजीत ‘किलर’ असं नाव पडलं. मधल्या काळात दोघांची ओळख करून द्यायचे प्रयत्न झाले, पण अगदी जुजबी. १९८७ साली आयबीएमनं आणलेल्या व्हीजीएच्या पंधरा पिनांच्या प्लगमध्ये काही पिना ओळखीसाठी राखलेल्या होत्या. अमुक पिन जोडलेली की सुटी, यावरून मॉनिटर रंगीत की कृष्णधवल एवढं संगणकाला कळे. नवरा मुलगा गोरा की सावळा एवढ्यावर लग्न ठरवण्यासारखंच ते. बाकीची चौकशी माणसानं करायची आणि आकडा स्वतःच्या जबाबदारीवर भरायचा.

संध्याकाळी सर घरी आले. मुलगी काही बोलायच्या आत आईनंच सांगून टाकलं, “चालता चालता एकदम बंद पडला हो.” मुलीनं मान हलवली. तेवढंच.

दुसऱ्या दिवशी मॉनिटर सायकलच्या कॅरिअरला बांधून सर टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडे घेऊन गेले. मुलगी मागून धरून चालत होती. कारागिरानं मागचं झाकण काढलं, मीटर लावला आणि निदान केलं, “ट्रान्झिस्टर उड गया. मास्साब, व्होल्टेज का चक्कर है.” इंदूरच्या उन्हाळ्यात विजेचा दाब खालीवर होणं रोजचंच, तेव्हा सरांना ते पटलं. आणखी दोन सुटे भाग गेले होते, तेही बदलले. आणि कारागिराच्या सल्ल्यावरून सरांनी एक स्टॅबिलायझर घेतला. घ्यायचाच तर चांगला दणकट घ्यावा म्हणून मोठा घेतला.

पतपेढीचा हप्ता, दुरुस्तीचं बिल आणि वर हा स्टॅबिलायझर. सरांनी उभ्या आयुष्यात घरी शिकवणी घेतली नव्हती. शाळेत नीट शिकवलं तर शिकवणी कशाला, हा त्यांचा हेका. त्या जूनपासून दिवाळीपर्यंत दोन मुलं संध्याकाळी पुढच्या खोलीत येऊन बसू लागली. सरांनी कारण सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. मुलगी आतल्या खोलीत बसून संगणकावर काम करायची, आणि मधल्या पडद्याआडून वर्गसमीकरणं ऐकू यायची. आज सांगू, उद्या सांगू करता करता सांगायचं राहून गेलं. अशा गोष्टी पहिल्या दिवशी सांगितल्या नाहीत की मग दिवसेंदिवस जड होत जातात.

लिनक्स तिनं नंतर पुन्हा बसवलंच. या खेपेला पहिला पर्याय निवडून. चित्र ढोबळ दिसायचं, अक्षरं बोटाएवढी. पण कॉलेजचं काम घरी झालं.

गंमत, म्हणजे खरं तर दुर्दैव, असं की तो प्रश्न तिला विचारायची गरजच नव्हती. उत्तर मॉनिटरच्या पोटातच होतं.

पडद्यांचे नियम ठरवणारी ‘व्हेसा’ नावाची उत्पादकांची संस्था आहे. तिनं १९९४ मध्ये एक रीत घालून दिली. प्रत्येक मॉनिटरमध्ये एक बारीक चिप बसवायची आणि तिच्यात त्या मॉनिटरची माहिती कारखान्यातच लिहून ठेवायची. व्हीजीएच्या प्लगमधल्या बारा आणि पंधरा क्रमांकाच्या पिनांवरून संगणकानं ती विचारून घ्यायची. बोलण्याची पद्धतही नवी शोधली नाही. फिलिप्स कंपनीनं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला टीव्हीच्या आतल्या चिप्सना आपसात बोलता यावं म्हणून दोन तारांची एक युक्ती काढली होती, तीच उचलली.

ही माहिती किती मोठी? फक्त १२८ बाइट, म्हणजे १२८ अक्षरांएवढी. पोस्टकार्डावर आरामात मावेल. पण काय नाही तिच्यात! मॉनिटर कुणी बनवला याची तीन अक्षरं, जागा वाचवायला दोन बाइटांत दाटीवाटीनं बसवलेली. कोणत्या वर्षी, वर्षाच्या कितव्या आठवड्यात बनवला ते. वर्ष १९९० पासून मोजायचं असतं. पडद्याची लांबी-रुंदी, सेंटीमीटरमध्ये. रंगांची तऱ्हा. कोणकोणती चित्रं दाखवता येतात त्यांची यादी, आणि झोताला कमीत कमी व जास्तीत जास्त किती गती झेपते ते आकडे. आपल्याकडे पत्रिका म्हणतात ती हीच. जन्मवेळेसकट!

शेवटचा बाइट पडताळ्याचा. सगळ्या १२८ आकड्यांची बेरीज केली की तिला २५६ नं पूर्ण भाग गेला पाहिजे. नाही गेला तर वाचताना कुठेतरी चूक झाली, पत्रिका बाद. जुन्या पिढीतल्यांना गुणाकार तपासायचा नऊचा पडताळा आठवत असेल. जात तीच.

विंडोजला हे सगळं ठाऊक होतं. १९९५ पासून ‘जोडा आणि वापरा’ असा गाजावाजाच चालला होता, आणि त्या घरातलं विंडोज मॉनिटरला व्यवस्थित ओळखत होतं. लिनक्सवर चित्रं दाखवणारी प्रणाली म्हणजे एक्सफ्री-८६. जगभरातली मंडळी फावल्या वेळात ती लिहीत, फुकट वाटत. ती प्रणाली बसवताना समोर यायचा तो दहा पर्यायांचा प्रश्न मॉनिटरला न विचारता माणसालाच विचारला जायचा. तिची चौथी आवृत्ती मार्च २००० मध्ये आली आणि तिच्यात पत्रिका वाचायची सोय आली. तोवर रामबागेतल्या त्या दुपारीला दहा महिने होऊन गेले होते.

पुढे हळूहळू प्रश्न विचारणंच बंद झालं. आज कुणी टीव्हीला लॅपटॉपची वायर लावतं, दोन सेकंद पडदा काळा होतो आणि चित्र येतं. त्या दोन सेकंदांत विचारपूस उरकलेली असते. एचडीएमआयच्या वायरीत आजही त्याच दोन तारांची पद्धत आहे. पत्रिका मात्र लांबली आहे. टीव्हीला आवाजाची, निरनिराळ्या चित्रपद्धतींची माहिती सांगायची असते, म्हणून १२८ ला आणखी १२८ ची पुरवणी जोडतात.

आणि पत्रिका म्हटली की तिच्यात थोडी फसवाफसवी आलीच. काही टीव्ही आपली मापं सोळा सेंटीमीटर बाय नऊ सेंटीमीटर सांगतात. कुणीतरी कारखान्यात मापाऐवजी नुसतं प्रमाणच भरून मोकळं झालेलं असतं. लिनक्सच्या गाभ्यात तर अशा चुकीचं सांगणाऱ्या मॉनिटरांची नावनिशीवार यादीच ठेवलेली आहे. अमक्यानं असं सांगितलं तर विश्वास ठेवू नका, तसं समजा. स्वस्तातल्या वायरींचा आणखी एक प्रकार. काहींत त्या बारा आणि पंधरा क्रमांकाच्या पिनांना तारच जोडलेली नसते. चित्र जातं, विचारपूस जात नाही. मग सभागृहातल्या प्रोजेक्टरवर चित्र ढोबळ दिसतं, वक्ता वैतागतो आणि लॅपटॉपला नावं ठेवतो. बिचारा लॅपटॉप मात्र शहाण्यासारखा वागलेला असतो. समोरचा कोण ते कळलं नाही, तेव्हा कुणालाही झेपेल इतकंच त्यानं पाठवलेलं असतं.

रामबागेतला तो मॉनिटर दुरुस्त होऊन पुढे सात वर्षं चालला. २००६ मध्ये सपाट पडदा आला आणि हा माळ्यावर गेला. झालरीच्या कव्हरासकट.

२०२३ च्या दिवाळीत मुलगी बंगळुरूहून आली होती. मुलगी म्हणायचं ते सवयीनं. ती आता चव्वेचाळीसची आहे, तिच्या हाताखाली माणसं काम करतात. आईनं माळा आवरायला काढला आणि मॉनिटर भंगारात द्यायचं ठरलं. तो खाली उतरवला तेव्हा त्याची वायर लोंबत होती, टोकाला पंधरा पिनांचा निळा प्लग. मुलीनं तो हातात घेतला, थोडा वेळ बघत राहिली. मग कपाटातून आपला जुना लॅपटॉप काढला. त्याला त्या प्लगची जागा होती.

“भिंतीत नको लावूस हं त्याला, फुटेल बिटेल,” आई म्हणाली.

भिंतीत लावायची गरज नव्हती. प्लगच्या नवव्या पिनेवरून संगणकच पाच व्होल्टची वीज देतो, आणि मॉनिटर बंद असला तरी पुष्कळदा तेवढ्यावर पत्रिकेची चिप जागी होते. पडदा मेलेला, पण माहिती सांगतो. तिनं दोन आज्ञा दिल्या. सतरा वर्षं माळ्यावर पडलेल्या त्या डब्यानं आपले १२८ आकडे सांगितले. पडताळा बरोबर आला.

सर आता अठ्ठ्याहत्तरचे. चष्मा लावून शेजारी येऊन बसले. हे काय, असं त्यांनी विचारलं, आणि तिनं एकेक ओळ समजावून सांगितली. पडताळ्याची रीत त्यांना फार आवडली. १९९८ सालचा एकतिसावा आठवडा, हे वाचल्यावर मात्र ते उसळले.

“म्हणजे जुलै-ऑगस्ट! आणि तो दुकानदार म्हणाला होता ताजा माल आहे. आठ महिने पडून होता की त्याच्याकडे!”

मग खालची ओळ आली. आडवी गती, ३० ते ५० किलोहर्ट्झ.

“ही कसली?”

तिनं सांगितलं. ओळी किती, सेकंदाला किती वेळा, गुणाकार कसा. सरांनी लग्नपत्रिकेचं एक जुनं पाकीट ओढलं आणि मागच्या बाजूला लिहायला सुरुवात केली. ५२५ गुणिले ६०. ८०६ गुणिले ६०. हे बसतंय. १०६६ गुणिले ६०. ते थांबले. पेन्सिल त्या आकड्याखाली तशीच ठेवून त्यांनी विचारलं,

“त्या दुपारी तू किती टाकलं होतंस?”

चोवीस वर्षांत पहिल्यांदाच. व्होल्टेजचं नाव त्यांनी काढलं नाही.

“चौसष्ट,” ती म्हणाली. “आठवा पर्याय. बाबा, मला तुम्हाला तेव्हाच सांगायचं होतं.”

सरांनी पाकिटावर ६४ लिहिलं, शेजारी ५० लिहिलं, वजाबाकी केली. पेपर तपासताना करत तशी उत्तराखाली एक रेघ ओढली.

“सहावा पर्याय किती होता म्हणालीस?”

“साडेअठ्ठेचाळीस.”

“मग तो चालला असता. चांगलं मोठं चित्र दिसलं असतं तुला.” एवढं बोलून त्यांनी पाकीट तिच्याकडे सरकवलं. “इतकी वर्षं तू ढोबळ अक्षरांवर काम केलंस.”

तिला बोलता येईना. आई दारातून ऐकत होती. तिला या सगळ्यातलं एकच कळलं होतं.

“म्हणजे व्होल्टेज नव्हतंच? मग तो स्टॅबिलायझर उगाच घेतला म्हणायचा आपण?”

“उगाच कसा?” सर म्हणाले. “फ्रीज चालतोय ना त्याच्यावर.”